कशाची नक्कल हवी

ताईला साधी गोष्ट सरळ सांगता यायची नाही. "मंगळवारी तो भेटला मला, मंगळवारी नाही गं, बुधवारी, म्हणजे मी चादरी धुवायला काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी," असं करत करत ती मुद्द्यावर येईपर्यंत चहा गार व्हायचा आणि माझं डोकं तापायचं. "ताई, काय ते एकदा ठरव आणि मग तोंड उघड," मी म्हणायचे. "ठरवलं असतं तर तुझ्याशी कशाला बोलले असते, शहाणे?" असं म्हणून ती तोंडावर हात धरून हसायची. आम्ही दोघीच घरात. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, तिचा नवरा फार लवकर गेला, आणि तिचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी परदेशी जाऊन तिथलाच झाला. भांडायला, रुसायला, आजारपणात उशाशी बसायला मला जगात तेवढं एकच माणूस होतं.

मुलाला मुलगी झाली आणि ताईने नातीला बघायला जायचा ध्यास घेतला. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा, आणि ताईच्या शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, लग्नाच्या कागदावर दुसरी. जिल्हा कार्यालयातून जन्मनोंदीची नक्कल आणा, असं सांगण्यात आलं, म्हणून एका सकाळी आम्ही दोघी पिशवीत सगळे कागद कोंबून तिथे गेलो.

अभिलेख कक्ष तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला होता. बाकं लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेली, भिंतीवर हात टेकून उभं राहणाऱ्यांच्या तेलकट ठशांची एक सलग पट्टी, आणि सगळीकडे जुन्या कागदांचा, दमट कापडाचा वास. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीवर पाटी होती की चौकशी पहिल्या खिडकीवर करावी. मी कार्यालयाचा, सरकारचा आणि त्या पाटी रंगवणाऱ्याचा मोठ्याने उद्धार केला. "हळू गं, आपलं काम आहे त्यांच्याकडे," ताई म्हणाली.

ताई चष्मा घरी विसरली होती, तेव्हा अर्ज मीच भरला. 'कशाची नक्कल हवी' असा एक रकाना होता. मागून लोक ढकलत होते, मी त्यात ताईचं पूर्ण नाव लिहिलं आणि मोकळी झाले. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला. किरकोळ अंगाचा, अगदी नीटनेटका माणूस होता तो, आणि बोलताना कागदावरची नजर उचलत नव्हता.

"कशाची नक्कल हवी, इथे तुम्ही यांचं नाव लिहिलंय."

"मग?"

"नोंद कसली ते लिहायचं असतं. जन्म, विवाह, जमीन."

"द्या इकडे, दुरुस्त करते."

"खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज लागेल. अर्ज वरच्या मजल्यावर मिळतात."

ताईचा उजवा गुडघा आधीच बोंबलत होता, आणि तिला त्या गर्दीत एकटी सोडून जायचं माझ्या जिवावर आलं. मी भडकले. "अहो, तिचीच नक्कल हवी आहे आम्हाला. दुसऱ्या कोणाची घेऊन काय करू मी?"

रांगेत कोणीतरी खुसखुसलं. कारकून मात्र हसला नाही. त्याने पहिल्यांदाच मान वर करून ताईकडे नीट पाहिलं. "तसंच घेऊ मग?"

"तसंच घ्या."

"अस्सल बरोबर आणलंय?"

"आणलंय, आणलंय," ताईने पिशवी वर करून दाखवली. तिला वाटलं शाळेचा दाखला, मलाही तेच वाटलं.

"मग आत यावं लागेल. नक्कल झाली की रुजवात करतो आम्ही. एक जण अस्सल वाचतो, दुसरा नक्कल बघत बघत 'बरोबर' म्हणतो. तुम्ही नाही, अर्जदाराने बाहेर थांबायचं."

खिडकीशेजारचं दार उघडलं, ताई लंगडत आत गेली आणि मी बाकावर टेकले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दारावरच्या झरोक्यातून दोन आवाज येऊ लागले, एक सपाट वाचणारा आणि दुसरा त्याला दुजोरा देणारा. पाढे म्हणावेत तसा तो ठेका होता, आणि डुलकी लागता लागता त्यातले शब्द माझ्या कानात शिरले.

"डाव्या भुवईवर व्रण."

"बरोबर."

"उजवा गुडघा, जिना चढताना दुखतो."

"बरोबर."

"नवरा गेला तेव्हा रडली नाही. धाकट्या बहिणीला म्हणाली, सुटले गं बाई."

"बरोबर."

मी ताडकन उठले. ते वाक्य ताईने स्वयंपाकघरात, दाराला कडी लावून, माझ्या कानात सांगितलं होतं, आणि मी ते आजतागायत कोणापाशी उच्चारलं नव्हतं. मी धावत जाऊन दारावर थापा मारल्या. दार लगेच उघडलं आणि ताई बाहेर आली, हसतमुख. "चल, झालं," ती म्हणाली. कारकुनाने आवक-जावकची वही माझ्यापुढे सरकवली, तिथे 'नक्कल मिळाली' असं लिहिलेलं होतं. कागद कुठाय, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. कधी एकदा तिथून बाहेर पडते असं झालं होतं, म्हणून मी सही ठोकली आणि ताईचा हात धरून निघाले.

घरी आल्यावर माझं मलाच हसू आलं. म्हातारपण आलं, कान वाजायला लागले, असं म्हणून मी चहा ठेवला. ताईने शेजारणीची काहीतरी हकीकत सांगितली, आणि ती संपल्यावर माझ्या लक्षात आलं की चहा अजून गरम आहे. एकही 'नाही गं' नाही, एकही 'म्हणजे' नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत छापल्यासारखी सरळ हकीकत. "आज काय बाई, गाडी रुळावरून घसरली नाही," मी म्हणाले. तीही तोंडावर हात धरून हसली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

मग मुलाचा फोन आला, नातीचं नाव ठरलं म्हणून. ताईने ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारलं, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, "नाव ठरवलं का गं त्यांनी?" मी सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच शब्दांत, त्याच सुरात. घरमालकाने जिन्याचा कठडा बदलला, तर ती रोज नव्याने दचकायची. कार्यालयात गेलो त्या दिवसापर्यंतचं सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि त्यानंतरचं काही म्हणजे काही तिच्यात उमटत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. पण विसरणारी माणसं मी पाहिली आहेत. ती चाचपडतात, चिडतात, आपलं काहीतरी हरवलंय हे त्यांना कुठेतरी कळत असतं. ही चाचपडत नव्हती. तिला लहानपणी भुवईला लागलं ती गोष्ट मी मुद्दाम काढली. तीच गोष्ट ताई आयुष्यभर दर वेळी वेगळी सांगत आली होती, कधी ती मांजरामागे धावताना पडलेली असायची, कधी मीच तिला ढकललेलं असायचं. आता ती भिंतीवरून पडली. दुपारी विचारलं तेव्हा भिंतीवरून पडली, संध्याकाळी विचारलं तेव्हाही, आणि दोन्ही वेळा श्वाससुद्धा त्याच शब्दापाशी घेतला.

मला तिची भीती वाटू लागली. सख्ख्या बहिणीची. तिने भाजी चिरायला सुरी उचलली की मी खोलीबाहेर जायचे. झोपताना दाराला आतून कडी घालायचे आणि उशीत तोंड खुपसून रडायचे, कारण पलीकडे ती खोकायची तो खोकला अगदी ताईचा होता.

शेवटी एका सकाळी मी तिला काही न सांगता कार्यालयात गेले. तोच कारकून होता. भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंडून एवढंच निघालं. "माझी ताई," मी म्हणाले, "माझी ताई मला परत हवी."

त्याने वही चाळली. "अस्सल कार्यालयातच राहतं, बाई. बाहेर नक्कलच जाते. पाहणी करता येईल. अर्ज करा."

या वेळी मी एकेक अक्षर जपून लिहिलं. एक शिपाई मला आत घेऊन गेला. "पेन चालत नाही, पेन्सिल चालते. हात लावायचा नाही," तो सवयीने बोलत होता. फडताळांच्या रांगांमागे रांगा होत्या, त्यांत कापडात बांधलेले गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांकाची चिठ्ठी. शेवटच्या रांगेत, दोन फडताळांच्या मधल्या अरुंद जागेत, एका स्टुलावर ताई बसली होती. पिशवी मांडीवर, कपडे त्याच दिवसाचे, आणि मनगटाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

"आलीस! अगं किती तास लावलेस," ती म्हणाली. "तास नाही गं, दिवसच झाले असतील, म्हणजे दिवस तरी कसं म्हणू, इथे मेली खिडकीच नाही."

मला हुंदका आवरेना. मी हात पुढे केला तर शिपायाने मध्ये काठी धरली.

"रडतेस काय? नाव काय ठेवलं बाळाचं, ते सांग आधी."

मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "बरंय. मला वाटलं होतं जुनं काहीतरी ठेवतील. जुनं म्हणजे वाईट नाही गं." मग तिने आवाज खाली आणला. "घरी कोण आहे? मी आत बसले होते तेव्हा समोरून कोणीतरी उठून गेलं, पाठमोरं."

"कोणी नाही," मी खोटं बोलले. "मी तुला घेऊन जाते. आज नाही तर उद्या, पण नेतेच."

"ने गं बाई," ती म्हणाली. "भीती वाटते इथे. हे लोक रोज येऊन मला वाचतात."

बाहेर येऊन मी खिडकीचे गज धरले. अस्सल सोडवायचं तर काय करावं लागतं, ते विचारलं. "नक्कल जमा करा," कारकून म्हणाला. "ती रद्द झाली की अस्सल मोकळं करता येतं."

"रद्द म्हणजे? करता काय तिचं?"

"करणार काय? फाडतो," त्याने सांगितलं, आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.

मी घरी गेले. ती जिन्यात माझी वाट पाहत उभी होती, कुठे गेली होतीस, जीव टांगणीला लागला, म्हणाली. तिने माझ्यासाठी पाणी आणलं. त्या हाताकडे मला बघवेना. ती ताई नाही, ती नुसती नक्कल आहे, असं मी मनाशी घोकत होते, आणि ती माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघत होती. "ताई, चल," मी म्हणाले, "कार्यालयात एक सही राहिली आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता तिने केस विंचरले आणि निघाली. बसमध्ये ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तिच्या अंगाला बारीक कंप होता. हिला कळलंय, माझ्या मनात आलं. तरी मी बसमधून उतरले नाही. आत फडताळांच्या मध्ये माझी ताई बसली होती, आणि मी तिला शब्द दिला होता.

खिडकीवर गर्दी नव्हती. "नक्कल जमा करायला आणलीय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

कारकुनाने वही उघडली, बोट ओळीवर ठेवलं, आणि मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही सख्ख्या बहिणी, चेहरा एकाच आईचा.

"दोघींतली नक्कल कोणती?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. "ही... म्हणजे ही नाही, हो, हीच, अहो मी..." माझी जीभ अडखळत राहिली, आणि ताई माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेने, मला एक पाऊल पुढे सरकवत स्पष्ट आवाजात म्हणाली, "ही."

कारकुनाने ओळीसमोर खूण केली, आणि खिडकीशेजारचं दार उघडलं.