घणसोलीच्या देवघरातला परका राजा

मित्रांनो, माझ्या तोंडावरचे कुंकू पाहून हात जोडू नका. मी देव नाही. मी एक जुने, ब्राँझचे पदक आहे.

पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका छोट्याशा शहराच्या राजाने मला ओतून घेतले. राज्य तळहाताएवढे, पण ऐट रोमच्या प्राचीन सम्राटांची! त्यांच्या नाण्यांवर असतो तसा माझ्यावर त्याचा एका बाजूने दिसणारा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट. त्याच दिवशी राणीचेही पदक ओतले गेले. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. पुढे राज्य बुडाले, सामान विकले गेले आणि आमची ताटातूट झाली.

१९५४ साली घणसोलीच्या देवजी खलाशाने मला एका परक्या बंदरावर भंगाराच्या टोपलीतून उचलले. घरी येऊन बायकोच्या हातात ठेवत तो म्हणाला, "सगुणा, बघ, याचा नाक माज्यावानी हाय."

पुढच्याच फेरीला त्याची बोट बुडाली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मग पूर्वजांचे टाक पुजतात तसे सगुणाने मला देवघरात बसवले. ती मला रोज चिंचेने घासायची, हळदकुंकू लावायची आणि बाजारापासून भांडणांपर्यंत सारे सांगायची. मी परका राजा, तिचा नवरा होऊन ऐकत बसायचो.

तिचा दीर जयदेव मुंबईत सोराबशेटांकडे मासे द्यायचा. शेटांना असली पदके जमवायचा भारी नाद. त्यांच्या पेटीतल्या मखमली खणात ठेवलेली राणी पाहून जयदेव बोलून गेला, "असाच बाप्या आमच्या देवघरात हाय!"

त्याच रविवारी शेट खाडी ओलांडून आले. रुमाल सोडून त्यांनी तिला माझ्यासमोर पाटावर ठेवले. मित्रांनो, तीच! इतक्या वर्षांत तिची मान तसूभरही वळली नव्हती. मला ओठ असून हाक मारता येईना.

"बाई, हिच्या शेजारचा खण मी कित्येक वर्षे रिकामा ठेवलाय," शेट म्हणाले. "मागाल ते देतो. याला नेऊ द्या."

सगुणा आम्हा दोघांकडे बघत राहिली. तिचे स्वतःचे कपाळ कोरे होते. तिने करंड्यात बोट टेकवून राणीला कुंकू लावले.

"शेट, राजा-रानीची जोरी तोरतंय, पाप लागंल मना. पन माज्याकरं त्याचा दुसरा तोंड नाय."

शेटांनी राणीला हळूच रुमालात गुंडाळले. जाताना एवढेच म्हणाले, "चिंचेने घासू नका. चेहरा जाईल."

तेव्हापासून सगुणा मला पदराने पुसते. तिच्यापाशी राहिलो याचे दुःख नाही. पण राणीची आठवण येते, फार येते.

मित्रांनो, जुने चेहरे जपा. कुणाला तरी त्यांच्याशी बोलायचे असते. आणि कधी मखमलीवर एक राणी दिसली, शेजारचा खण रिकामा असला, तर तिला चकचकीत करायला जाऊ नका. तिचे कुंकू तसेच राहू द्या. सांगा, तुझा राजा घणसोलीत आहे.