वखारीतला चौरंग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चौरंग आहे आणि फार दमलो आहे. आयुष्यभर मी एकच काम केले. हात हलवून दुसऱ्यांकडून गाणेबजावणे करून घेणाऱ्या माणसांना मी पाठीवर उभे केले. त्यांतली काही हलकी होती, काही भारी होती, काही तर सुरांच्या भरात उड्याही मारत. आता माझ्या फळ्या करकरतात. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवल्याशिवाय मला नीट उभे राहता येत नाही.

माझा जन्म नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्कार्वॉय बेटावर झाला. महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. बेटावरच्या बायका दिवसभर वखारीत हेरिंग मासे साफ करून मिठात खारवत. संध्याकाळी तिथेच पिंपे बाजूला सारून गात. त्यांना शिकवायला शाळेतल्या इंगेबोर्गबाई येत. बाई इतक्या ठेंगण्या होत्या की मागच्या रांगेला त्यांचे हात दिसतच नसत. म्हणून त्या माशांच्या पिंपावर उभ्या राहत. एकदा गाणे रंगात आले असताना पिंपाचे झाकण मोडले आणि बाई गुडघ्यापर्यंत खारट पाण्यात गेल्या.

बायका पोट धरून हसल्या. पेत्रा नावाची एक फटकळ बाई होती. ती म्हणाली, "बाई, तुम्हालाही हिवाळ्यासाठी मुरवून ठेवायचं का?"

बाईही हसल्या, पण त्यांचा पाय चांगलाच खरचटला होता. होड्या बांधणाऱ्या हाल्वारने हे ऐकले आणि एका होडीतून उरलेल्या ओकच्या फळ्यांपासून मला घडवले. खांद्यावरून मला वखारीत आणून त्याने जमिनीवर ठेवले. "घ्या बाई," तो म्हणाला, "हा बुडायचा नाही." बाई माझ्यावर चढल्या. लोकरीच्या मोज्यांतले त्यांचे ते हलके पाय मला अजून आठवतात.

एका उन्हाळ्यात धुक्यामुळे बोट अडकली आणि यॉप नावाचा एक डच सेलोवादक आमच्या बेटावर येऊन पडला. करायला काही नव्हते, म्हणून तो वखारीत येऊन बसला. बायकांचे गाणे ऐकता ऐकता त्याने सेलो, म्हणजे व्हायोलिनसारखेच पण कितीतरी मोठे ते वाद्य, बाहेर काढला. धुके निवळले, बोट सुटली, तरी तो गेला नाही. शेवटी निघताना म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात मित्रांना घेऊन येतो."

"इथला वास चालेल का त्यांना?" बाईंनी विचारले.

"वासाचं काय घेऊन बसलात? जेवायला घालाल ना?"

मित्रांनो, आमचा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असा सुरू झाला. पुढे दर उन्हाळ्यात नव्या देशाचे वादक येऊ लागले. ते लोकांच्या घरी झोपत, माशांचे सूप पीत, आणि सकाळी धक्क्यावर बसून सराव करत. पहिल्या संध्याकाळचे पहिले गाणे मात्र नेहमी वखारीतल्या बायकांचे असे. दर्यावर गेलेल्या माणसांसाठी गायचे एक जुने भजन होते. ते सुरू झाले की परतणाऱ्या होड्या बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद करून थांबत. बाईंचा हात वर जाई, टाचा उचलल्या जात, आणि मला वाटे, आपण होडी होऊन पाण्यावर तरंगत आहोत.

महोत्सवाचे नाव झाले. रेडिओवाले आले, मग सरकारी मदत आली, मग समिती आली. समितीने राजधानीहून हेनिंग नावाचे एक संचालक आणले. माणूस वाईट नव्हता. त्याला महोत्सव मोठा करायचा होता, आणि त्याने तो केला. टेकडीवर काचेचे सभागृह उभे राहिले. मला तिथे नेऊन रंधा मारला, चकचकीत रोगण दिले, आणि वर लाल गालिचा खिळ्यांनी ठोकला. देशोदेशीचे नामवंत संगीतसंचालक माझ्यावर उभे राहू लागले. टाळ्यांचा कडकडाट माझ्या फळ्यांतून थरथरत जाई. सुरुवातीला मला त्याची मोठी ऐट वाटे. पुढे पुढे नुसते पाय दुखत.

एके दिवशी तालीम संपल्यावर हेनिंगने बाईंना आणि पेत्राला सभागृहात बोलावले. "इंगेबोर्गबाई, आता जगभरातून रसिक येतात. त्यांना त्या तोडीचंच ऐकवायला हवं. यंदापासून पहिल्या संध्याकाळी व्हिएन्नाचा वाद्यवृंद ठेवलाय."

"आणि आम्ही?"

"तुम्ही? तुम्ही तर या महोत्सवाचा पाया आहात!"

"पाया म्हणजे जमिनीत गाडतात तोच ना?" पेत्राने विचारले.

हेनिंग ओशाळून हसला. त्या उन्हाळ्यापासून बायकांना सभागृहाबाहेर कॉफी आणि वॅफलचे टेबल देण्यात आले. मध्यंतरात दार उघडले की मला त्या दिसत. पिठाचे हात पुसत त्या आत डोकावत आणि दार लागले की दिसेनाशा होत. वखारीतल्या तालमी काही काळ चालल्या असे मी ऐकले. मग कुणी मुलाकडे शहरात गेली, कुणाचे गुडघे गेले. गायचे तरी कोणासाठी, असे म्हणत उरलेल्याही घरी बसल्या. वखारीला कुलूप लागले.

अशी पुष्कळ वर्षे गेली. मग महोत्सवाच्या सुवर्णमहोत्सवाचा उन्हाळा आला. सभागृह खचाखच भरले होते. पुढच्या रांगेत मंत्री बसले होते. मंचावर मी एकटाच होतो, कारण धुक्यामुळे वाद्यवृंदाचे विमान किनाऱ्यावरच्या शहरात उतरूच शकले नव्हते. लोक घड्याळाकडे पाहून कुजबुजू लागले. हेनिंग कॉफीच्या टेबलाकडे धावला. दार सताड उघडे राहिले होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाई, तुमचा गायनवृंद... दोनच गाणी. आजची वेळ निभावून न्या."

"कुठला गायनवृंद?" बाईंनी शांतपणे विचारले.

"अहो, असं काय करता? वखारीतला."

"हेनिंग, गळा म्हणजे काय कपाटात ठेवलेली चादर आहे? पाहुणे आले की झटकून अंथरायची?"

हेनिंगने मान खाली घातली. शेवटी पेत्राने कमरेचा एप्रन सोडला. "चला बाई. लाजच जाईल ना? जाऊ दे."

श्रोत्यांतून आणखी काही म्हाताऱ्या उठल्या. काठ्या टेकत त्या मंचावर आल्या. आणि कितीतरी वर्षांनी इंगेबोर्गबाई माझ्यावर चढल्या. मित्रांनो, त्या किती हलक्या झाल्या होत्या! त्यांनी हात वर केला आणि दर्याचे ते भजन सुरू झाले.

ते चांगले झाले नाही. मी खोटे सांगणार नाही. आवाज फाटत होते, दम पुरत नव्हता. वरचा सूर धरणारी मार्टा चर्चच्या आवारात केव्हाच पुरली गेली होती. तिची जागा आली तेव्हा तिथे काहीच नव्हते, नुसती पोकळी होती. मधल्या कडव्यात सगळे कोसळले. बाईंनी हळूच हात खाली घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दयेच्या टाळ्या होत्या. मी आयुष्यभर टाळ्या ऐकल्या आहेत, मला त्यांतला फरक कळतो.

बाई श्रोत्यांकडे वळल्या. "टाळ्या नकोत," त्या म्हणाल्या. "वाईट झालं, ते मलाही कळतंय. हे गाणं कुणी मारलं नाही हो. फक्त कुणी विचारलं नाही."

एवढे बोलून त्या खाली उतरल्या आणि पुन्हा कॉफी ओतायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेनिंग त्यांना घेऊन सभागृहात आला. त्याचे डोळे सुजलेले होते. "मी आता काय करू, सांगा," तो म्हणाला.

"हा चौरंग परत दे. आणि वखारीची किल्ली."

त्याने स्वतः पक्कड आणली, माझ्यावरचा एकेक खिळा उपटला आणि गालिचा काढून बाजूला टाकला. ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी.

वखारीत दर गुरुवारी तालीम सुरू झाली. आधी त्या चारदोन म्हाताऱ्याच होत्या. मग शाळेतली परिचारिका आली. मग मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिथुआनियाच्या बायका आल्या. त्यांतल्या दाइवाने पहिल्याच दिवशी वरचा सूर असा काही लावला की पेत्राने मागे वळून पाहिले. तरी नंतर कुरकुरलीच, "आवाज आहे, पण तिला एका शब्दाचा अर्थ कळत नाही."

"तुला तरी कुठे कळायचा?" बाई म्हणाल्या.

सगळे पूर्वीसारखे झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. महोत्सव पुढे विमानतळ असलेल्या शहरात गेला आणि काचेच्या सभागृहात आता बोटींची इंजिने विकतात. पेत्रा गेली. एका वसंतात इंगेबोर्गबाईही गेल्या. पुरण्याआधी त्यांच्यासाठी ते भजन झाले. मार्टाच्या जागी पोकळी नव्हती. तेवढे मात्र जमले होते.

आता माझ्यावर दाइवा उभी राहते. परवा नगरपालिकेचे एक गृहस्थ आले होते. मला काचेच्या पेटीत ठेवायचे, शेजारी पाटी लावायची आणि भोवती दोरी बांधायची, असा त्यांचा बेत होता.

दाइवाने त्यांना विचारले, "मग गुरुवारी मी कशावर उभी राहू? तुमच्या डोक्यावर?"

गृहस्थ निघून गेले. पण ते पुन्हा येतील. म्हणून, मित्रांनो, मी तुमच्याशी बोलतो आहे. मला पुसून, दोरी बांधून ठेवू नका. चिखलाच्या बुटांनी आलात तरी चालेल, पण माझ्यावर उभे राहा. पाय डुगडुगला तर खिळा मारा. आणि तुमच्या गावात कुणी गाणारे असेल, तर त्याच्या नावाची पाटी लावण्याआधी एकदा त्याच्या दारात जा आणि विचारा, "आज गाणार का?" तो माणूस कदाचित नाही म्हणेल, कदाचित बेसूर गाईल. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.