तहसीलदारांचं ताट

“अगं, तहसीलदार आजपण जेवले नाहीत,” हणमंतराव काचेला नाक लावून म्हणाले.

पद्मावतीबाई चिंचेने समई घासत होत्या. तशाच ओल्या हातांनी बाहेर आल्या. टाकीच्या काचेला करंगळीएवढा तपकिरी मासा तोंडाने चिकटून बसला होता. अंगावर चिलखतासारखे कडक पट्टे, पोट मात्र खपाटीला गेलेलं.

हैदराबादेत हिमायतनगरच्या त्या फ्लॅटमध्ये टाकी आली ती लेकामुळे, विनयमुळे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याचे वडील खुर्चीला खिळले आणि बोलेनासे झाले. सकाळी चहाला ‘हौ’, रात्री दुधाला ‘नक्को’, संपलं दिवसभराचं बोलणं. म्हणून एका रविवारी कुकटपल्लीहून येताना लेकाने ही टाकी आणली. रंगीत मासे हणमंतरावांनी एकदा बघून सोडून दिले. हा चिकटा तेवढा मनात भरला. “आमच्या ऑफिसातले तहसीलदार असेच. एकदा चिकटले की बदलीची ऑर्डर आली तरी हलायचे नाहीत,” असं म्हणून ते कितीतरी महिन्यांनी हसले. तेव्हापासून माशाशी रोज गप्पा. जुने साहेब, बंद पडलेली इराणी हॉटेलं, नळाचं पाणी. पद्मावतीबाई आतून ऐकत आणि भांडी आवाज न करता ठेवत.

आता या माशाचं काही बरंवाईट झालं तर हे पुन्हा गप्प होतील, या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होई. पोळीचा चुरा टाकला, मऊ भात टाकला, दुकानातल्या गोळ्या टाकल्या. रंगीत मासे गब्बर झाले, तहसीलदार उपाशीच. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी आणखी मन लावून केलं. आजाऱ्याची खोली स्वच्छ हवी. रोज देवांच्या मागोमाग टाकी. नारळाच्या शेंडीने काचा, जुन्या ब्रशने एकेक दगड. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई फडताळावरून बोट फिरवून उजेडात धरायच्या. त्या बोटाला कधी धूळ लागली नाही, एवढीच पद्मावतीबाईंची आयुष्याची कमाई. सासूबाई गेल्या, बोट घरातच राहिलं.

शेजारची त्रिवेणी म्हणाली, हुसेनसागर तलावात सोडून द्या, मोकळ्या पाण्यात जगेल तरी. हणमंतरावांचा चेहराच उतरला. तेव्हा पद्मावतीबाईंनी लोणच्याची काचेची बरणी घासूनपुसून घेतली, तहसीलदारांना टाकीतल्या पाण्यासकट तिच्यात घातलं आणि ऑटोने दिलसुखनगरचं माशांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने बरणी उजेडाला धरली. टाकी कधी धुता, म्हणून विचारलं. रोज, त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि शेंडीने. तो हसला नाही. हे मासे म्हणे दूर दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतले. वाहत्या पाण्यात दगडाला, पानाला तोंडाने घट्ट धरून राहायचं आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खायचं, हाच त्यांचा संसार. तलावात सोडायचं तर मनातही आणू नका. याच्या थोरल्या भाऊबंदांना लोकांनी असंच सोडलं, आता ते कोळ्यांची जाळी फाडतात.

“बीमार नहीं है अम्मा, भूका है. काँच का हरा मैल इसका खाना है. आप रोज इसकी थाली धो दे रैं.”

घरी येईपर्यंत बरणी मांडीवर होती. घासू नका, असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“मग भिंतीकडची काच राहू दे हिरवी,” हणमंतरावांनी तोड काढली. “कोण बघतंय?”

पण शेवाळ धरायला ऊन हवं, आणि ऊन यायचं ते दाराकडच्या काचेवर. नेमकं आल्यागेल्याला दिसेल असं. पद्मावतीबाईंनी त्या काचेकडे पाठ करून स्वयंपाक केला. शेवाळ धरेपर्यंत उकडलेल्या काकडीची चकती टाकली. तहसीलदारांनी मेहरबानी केल्यासारखी चाटली. हळूहळू काच धुरकटली, मग हिरवी झाली. पद्मावतीबाईंच्या हाताला खाज सुटे, त्या उठून कढई घासत. कढई आरशासारखी झाली.

चैत्राच्या हळदीकुंकवाला बायका आल्या. त्रिवेणी दारातच थबकली.

“काकू, तुमच्या घरात शेवाळ?”

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पद्मावतीबाईंनी पन्ह्याचा पेला तिच्या हातात दिला.

“राहू दे गं. कुणाचं तरी ताट आहे ते, वाढून ठेवलंय.”

आतल्या खुर्चीवरून हणमंतराव खोकल्यासारखं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव झाले आणि सवयीने पद्मावतीबाई शेंडी घेऊन काचेसमोर उभ्या राहिल्या. हिरव्या काचेत बोटभर रुंदीची वाकडीतिकडी स्वच्छ वाट पडली होती. वाटेच्या टोकाला, पोट टम्म करून, तहसीलदार. त्या वाकल्या आणि त्या वाटेतून आत पाहू लागल्या. पलीकडच्या, खुर्चीकडच्या काचेला हणमंतरावांचा डोळा लागलेला.

“हौ, दिसलीस,” ते म्हणाले.

पद्मावतीबाईंनी शेंडी पाठीमागे लपवली.