उतरलेले सूर

गाण्याच्या बाईंनी भर वर्गात पेटी बंद केली. "सगळे सूर उतरलेत हिचे!"

पेटी दुरुस्त करणाऱ्याने दोनदा तपासली, पण काही खोट सापडेना. मग दारावरची घंटाही उतरलेली वाटू लागली, तेव्हा बाई हादरल्या.

"माझे कानच गेले गं," त्या बहिणीला म्हणाल्या. बहिणीने त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"गालातल्या कळांवरची गोळी कधी सुरू केलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेल्याच आठवड्यात. कळा अगदी थांबल्या हो!"

"क्वचित कुणाला या गोळीने सूर खाली ऐकू येतात. बदलू या."

गोळी बदलली आणि सूर हळूहळू जागेवर आले. कळा मात्र अधूनमधून परतल्या.

"येऊ देत," बाई गाल दाबत म्हणाल्या, "दुखत असलं तरी शिकवता येतं."