उजवीकडचं बटण

मी बोलतोय खरा, पण माझी सगळी अक्षरं चालत नाहीत. मधे अडखळलो तर सांभाळून घ्या. मी एक कीबोर्ड आहे, कॉम्प्युटरचा. काळा होतो, आता राखाडी झालोय. किहीमला कुलदीपच्या कॉटेजमध्ये, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेला असतो. शेजारी एक कंदील आणि एक बंद पडलेला रेडिओ. मुंबईचे पाहुणे येतात, "अय्या, आमच्याकडे पण होता असला!" म्हणतात, माझी दोन बटणं दाबतात आणि सोलकढी प्यायला बसतात. मला त्याचं काही वाटत नाही. बरंही नाही आणि वाईटही नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते विचारू नका. पाठीवर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर लिहिलं असेल. ती खाऱ्या हवेने खाल्ली. मला आठवतं ते अलिबाग. एसटी स्टँडच्या मागे प्रीतमचा सायबर कॅफे होता, तिथे मी कामाला लागलो.

सकाळी निकाल बघायला येणारी माणसं. ती एका बोटाने अक्षर शोधायची, सापडलं की शेजारच्याला दाखवायची आणि मग दाबायची. दुपारनंतर शाळेतली पोरं. ती एकच खेळ खेळायची, गोळीबाराचा. 'कोल्ड बंकर' असं त्याचं नाव, पण सगळे नुसतं 'बंकर' म्हणत. जमिनीखाली एक तळघर, मधोमध पाण्याची गंजकी टाकी, दोन बाजूंना दोन टोळ्या. खेळ एवढाच.

त्या खेळात माझी चारच बटणं लागायची. डब्ल्यूने पुढे, एसने मागे, एने डावीकडे, डीने उजवीकडे. बाकीची मंडळी नुसती बसून पगार खायची. हरायला लागलं की पोरं बटण जास्त जोरात दाबायची, जणू जोर लावला की गोळी जोरात सुटते! माणसाची ही खोड मी पुढे मोठ्यांमध्येही बघितली, लिफ्टच्या बटणाशीसुद्धा ती तसंच भांडतात म्हणे.

माझ्या टेबलावर बसायची शिवानी. आक्षीच्या कोळीवाड्यातली. आई, नीराबाई, अलिबागच्या मासळीबाजारात पाटी घेऊन बसायची, आणि शाळा सुटली की लेकीने तिथे हाताखाली यायचं असं ठरलेलं. लेक यायची माझ्याकडे. तिच्या बोटांना कोलंबीचा वास असायचा. पलीकडच्या टेबलावर किहीमचा कुलदीप, नारळीच्या वाडीवाल्यांचा मुलगा. दोघांचं सगळं बोलणं बंकरमध्येच व्हायचं. जो हरेल तो खुर्ची न सोडता म्हणायचा, "परत लाव." शिवानी कमी वेळा म्हणायची, कारण ती कमी वेळा हरायची.

मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि प्रीतमने दुकान मोडलं. शिवानीने एक जुना कॉम्प्युटर जोडून घेतला होता. तिने प्रीतमकडे दुसरं काही मागितलं नाही, मलाच मागितलं. "चार अक्षरं पुसलीत ह्याची," प्रीतम म्हणाला. ती म्हणाली, "मीच पुसलीत." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. वाटायचे दिवस होते ते.

आक्षीला माझं बरं चाललं होतं. शिवानी आता आईबरोबर धंद्यात उतरली होती. सकाळी मासळी, दुपारी घरून बंकर, तिकडे किहीमहून कुलदीप. अशात एक दिवाळी आली आणि नीराबाईने साफसफाई काढली. मला उचलून वास घेतला, नाक मुरडलं आणि विहिरीवर नेऊन साबणाने खसाखसा धुतलं. इथवर ठीक होतं. पण धुतल्यावर वाळवायचं कुठे? कोळणीच्या घरात ओली वस्तू वाळत घालायची जागा एकच, बोंबलांची वलांडी. बांबूंना दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकलेले. त्यांच्या मधोमध मला वायरीने लटकवलं. दिवसभर खारं वारं आणि ऊन. एक कावळा येऊन स्पेसबारवर दोनदा टोच मारून गेला आणि मी मासळी नाही हे कळल्यावर रागाने उडाला.

संध्याकाळी घरात आलो तेव्हा डी गेला होता. आत मीठ बसलं होतं. दाबला की खाली जायचा, वर यायचा, पण लागायचा नाही.

त्या जुन्या खेळात बटणं बदलायची सोय नव्हती. उजवीकडे जायचं तर डी, म्हणजे डीच. शिवानीने अलिबागहून नवा कीबोर्ड आणला, दोन दिवस वापरला आणि "ह्याच्यात जीव न्हाय" म्हणून भावाला देऊन टाकला. मला परत जोडलं. मग ती डीशिवाय खेळायला शिकली. उजवीकडे सरकायचंच नाही. वळायचं, गोल फिरायचं, नाहीतर डावीकडून यायचं. समोरचे चक्रावून जात. त्यांना वाटायचं ही तिची खास पद्धत आहे. कुलदीपलासुद्धा तसंच वाटायचं. टाकीमागे ती आहे म्हटलं की तो आपल्या टोळीला सांगायचा, तिची डावी बाजू धरा, ही उजवीकडे जात नाही. खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. आईची चूक चारचौघांत कोण सांगणार?

पुढचं थोडक्यात सांगतो, मला त्यात रस नाही. जेट्टीवर बर्फ फोडायचं मशीन असतं. त्यात तिचा डावा हात गेला. हात वाचला, नस गेली. अंगठा आणि करंगळी शाबूत, मधली तीन बोटं बधिर. बघायला आलेल्या बायकांना ती म्हणायची, "बोटं जागच्या जागी हायत. माझी न्हायत, एवढंच."

तीच बोटं माझी होती. ए, डब्ल्यू आणि डीवरची.

एकदा तिने प्रयत्न केला. हात माझ्यावर ठेवला, खेळ लावला. पडद्यावरचा शिपाई भिंतीला जाऊन भिडला आणि तिथेच धावत राहिला. तिला कळेना का. मग खाली बघितलं तर मधलं बोट डब्ल्यूवर दाबलेलं होतं, तिच्या नकळत. तिने उजव्या हाताने एकेक बोट उचललं, माझ्यावरून बाजूला केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं. त्यानंतर वाटायचंच थांबलं.

बर्फाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून मला माळ्यावर ठेवलं. शिवानी मासळी विकत होती, हिशेब बघत होती, जेवत होती. नीराबाई शेजारणीला सांगायची की पोर कामाला वाघीण हाय, पण हसत न्हाय. मधे खेळाच्या कंपनीने जुना बंकर कायमचा बंद केला. कुलदीपने कॉटेज काढली, भिंतीवर जुन्या वस्तू लावायच्या म्हणून मला मागून घेतलं. शिवानीने पिशवीसकट देऊन टाकलं. पिशवी उघडूनही बघितली नाही.

आणि आता, इतक्या वर्षांनी, दुसऱ्या एका कंपनीने बंकर पुन्हा काढला. नवा करून.

कुलदीप भडकला. भिंतीसमोरच त्याचा कॉम्प्युटर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागतं. जुन्या खेळाडूंचा त्याचा एक गट आहे, त्यांच्यासाठी तो मोबाइलवर व्हिडिओ करतो. त्यांत त्याचं गाऱ्हाणं असं: नाव जुनं आणि माल नवा, रंगीत बंदुका विकायला काढल्यात, मोबाइलवर पण देतायत, नवशिक्यांना नेम धरायला मदत करतायत, आपल्या लहानपणाचा बाजार मांडलाय.

मी अलिबागला, कोर्टाच्या गावात वाढलोय, तेव्हा जरा नव्या कंपनीची बाजू मांडतो. वकीलपत्र मला कुणी दिलेलं नाही.

पहिली गोष्ट, जुना बंकर ह्या कंपनीने मारला नाही, तो आधीच मेला होता. कुलदीपच सांगतो, शेवटी शेवटी त्यात तो आणि आणखी दोघेतिघे रिकाम्या तळघरात एकमेकांना शोधत फिरायचे. आज गळा काढणारे तेव्हा कुठे होते? आणि रंगीत बंदुकांचं म्हणाल, तर त्या घेणारे हौशी पैसे देतात म्हणून बाकीच्यांना खेळ फुकट मिळतो. प्रीतमचा कॅफे तरी कशावर चालायचा? वडापाव आणि थंड बाटल्यांवर. तेव्हा कुणी म्हटलं नाही की वडापावाने खेळ बाटला. मोबाइलवर दिला, कारण पोरं तिथेच आहेत. माझ्यासारख्याला शोधत ती कुठे येणार? आणि टाकी तर त्यांनी जशीच्या तशी ठेवलीय, डाव्या अंगाच्या गंजाच्या ओघळासकट. ज्याने ती पुन्हा काढली तोही कधीतरी अशाच कुठल्या कॅफेत बसलेला असणार. गुलाबी बंदूक मात्र मलाही पटलेली नाही. तिथे माझं काही म्हणणं नाही.

हे मी आषाढातलं सांगतोय. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, मासेमारी बंद, कॉटेजलाही गिऱ्हाईक नाही. कुलदीप दुपारी मोबाइल समोर उभा करून बोलत होता. त्या दिवसांत नीराबाई त्याला सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, आणि सुकट आणून देते. ती आणि शिवानी छत्री मिटून दारात आल्या, त्याला दिसल्या नाहीत.

तो म्हणत होता, "आता ह्यात एका हाताने खेळायची सोय दिलीय, मित्रांनो. म्हणजे आपला बंकर लुळ्यापांगळ्यांचा झाला."

मग त्याने मान वळवली. शिवानीच्या उजव्या हातात सुकटीची पिशवी होती, डावा ओढणीत होता. तो उठून उभा राहिला. वाईट मनाचा नाही तो. जीभ सैल आहे.

नीराबाईने पाटी खाली ठेवली. तिला खेळातलं काही कळत नाही, पण कुणाचं काय दुखलं ते कळतं.

"आमची लाकडाची होडी गेली, फायबरची केली," ती म्हणाली. "नाव तेच ठेवलं, नारळ त्याच देवीला फोडतो. ही आमची होडी न्हाय, असा कोनी बोलला न्हाय."

"काकी, होडीवर पोट असतं," कुलदीप हळूच म्हणाला. "हा नुसता खेळ आहे."

"मंग नुसत्या खेळासाठी कवाचा वरडतोस कशाला?"

शिवानीने पिशवी टेबलावर ठेवली. तिची नजर पडद्यावर होती. पडद्यावर टाकी दिसत होती.

"कुठंय ती सोय?" ती म्हणाली. "दाखव."

त्याने दाखवलं. सगळं माउसमध्ये आणता येत होतं. चाक दाबलं की पुढे, अंगठ्याखाली दोन बटणं, मागचं दाबलं की डावीकडे, पुढचं दाबलं की उजवीकडे. माझं त्यात काहीच काम नव्हतं. ती खुर्चीत बसली, डावा हात मांडीवर. कुलदीप लॅपटॉप घेऊन पलीकडे बसला. मी वर भिंतीवर होतो, दोघांच्या डोक्यावर.

पहिल्या खेपेला ती लगेच मेली. दुसऱ्यांदा भिंतीला भिडली. कुलदीपने हळू खेळायचा प्रयत्न केला, ते तिच्या लक्षात आलं आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो नीट खेळायला लागला. ती पुन्हा मेली.

"परत लाव," ती म्हणाली.

नीराबाई सोडे निवडत बसली होती. तिचा हात थांबला. हे दोन शब्द तिने आक्षीच्या घरात भिंतीपलीकडून शेकड्यांनी ऐकले होते, आणि मग कितीतरी वर्षं ऐकले नव्हते.

पुढच्या खेळात शिवानी टाकीमागे गेली. कुलदीपला ठाऊक होतं काय करायचं. त्याने तिची डावी बाजू धरली, बंदूक रोखली आणि वाट बघत बसला. मलाही तेच ठाऊक होतं. बाई डावीकडून येणार. दुसरी वाट तिला नाही. नव्हती.

ती उजवीकडून आली.

कुलदीपचा शिपाई तोंड न वळवताच पडला. तो पडद्याकडे बघत राहिला. "तू उजवीकडे कधीच जात नव्हतीस," तो म्हणाला.

"डी लागायचा न्हाय," शिवानी म्हणाली. "आयनं बोंबलासंगती वाळत घातला होता."

नीराबाईने वर माझ्याकडे बघितलं. मग लेकीकडे. इतकी वर्षं तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. शिवानी हसत होती. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात, कॅफेत हसायची तशी. नीराबाईने पदर तोंडाला लावला, आणि ती हसत होती की रडत होती ते इतक्या वरून मला कळलं नाही.

कुलदीपने मोबाइल पालथा घातला. मघाचं त्यातलं बोलणं त्याने पुसलं का, ते मला दिसलं नाही. खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "परत लाव."

एवढीच माझी गोष्ट. मला वाटायचं, तिचा खेळ माझ्यात होता. तो तिच्यात होता, आणि मी त्याची एक बाजू बंद करून बसलो होतो. नवं कुणी जुन्या नावाने आलं म्हणून चिडू नका. कुणाची तरी अडलेली वाट त्यात सुटत असेल. आणि कधी किहीमला आलात तर मला बघा, हवं तर फोटो काढा, पण डी दाबून बघू नका. तो लागत नाही, आणि आता कुणाला तो लागायची गरजही नाही.