ताराक्काची जागा

भाजलेला हरभरा चावताना कुसुम मगदूमचा डावीकडचा दात पडला आणि त्याच क्षणी तिची नणंद ताराक्का पंगतीतून गेली. उठून गेली असं नाही. ताटात अर्धी भाकरी होती, वाटीतली आमटी अजून हलत होती, पाट तेवढा रिकामा होता. कुसुमनं दात तळहातावर घेऊन पाहिला. लांब मुळाचा, पिवळसर, हट्टी. ताराक्काचाच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

मगदुमांच्या जयसिंगपुरातल्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवायची रीत, त्यामुळे सगळे एकदमच पंगतीला बसत. भिंतीकडून पहिला श्रीपाल, शेजारी त्याची बायको कुसुम, मग श्रीपालची थोरली बहीण ताराक्का आणि शेवटी सून त्रिशला. ताराक्का तरुणपणीच नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. कुसुम लग्न होऊन आली त्या दिवसापासून ताराक्कानं तिच्या हातच्या जेवणाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ कमी पडलंय." कुसुमनं मनातल्या मनात तिला कितीदा तरी घराबाहेर काढलं होतं. आता ती खरोखरच गेली, तर कुसुमनं ताट बाजूला सारलं. आपल्याला इतकं रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

दातांच्या नांद्रेकर डॉक्टरांनी आरसा घालून कुसुमचं तोंड पाहिलं.

"घरातलं कोण होतं?"

"नणंद."

"जुनी होती?"

"माझ्या आधीपासनं."

"जुनी माणसं अशीच जातात," डॉक्टर म्हणाले. "पण जागा रिकामी ठेवू नका. शेजारची माणसं कलतात."

ते खरं होतं. त्रिशलाचा पाट दोनच दिवसांत कुसुमकडे सरकला होता आणि रिकाम्या पाटाखालची फरशी खचत चालली होती. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. काढता-घालता येणारी ताराक्का. दोन्ही बाजूंच्या माणसांना कायमची बांधलेली ताराक्का. नाहीतर खालच्या हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेली ताराक्का.

"यातली खरी कुठली?" कुसुमनं विचारलं.

"फरक कळणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि रंगांच्या पट्ट्या घेऊन सोबत आलेल्या श्रीपालच्या गालाला लावून बघू लागले. भाऊच तो, रंग बराचसा जुळला.

स्क्रूसाठी जागा काही महिने तशीच ठेवावी लागणार होती, आणि एवढं करून ती हाडात रुजेलच असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. श्रीपालला पंगतीतलं खिंडार बघवत नव्हतं. "येणारेजाणारे काय म्हणतील? काढता-घालता येणारीच आणू. अक्का नाही म्हणायची नाही," तो म्हणाला. ते कुसुमलाही पटलं. फक्त अक्का नाही म्हणणार नाही, हेच तिला खटकलं. जन्मात ताराक्का कशालाही नाही म्हटल्याशिवाय राहिली नव्हती.

नवी ताराक्का ओल्या कापसात गुंडाळून आली. तीच लुगड्याची गाठ, तोच कपाळावरचा खड्डा. पाटावर बसली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "छान झालंय."

श्रीपालनं समाधानानं मान हलवली. कुसुम तिच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी कुसुमनं मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही.

"छान झालंय," ताराक्का म्हणाली.

झोपायच्या आधी तिला पाण्यात ठेवावं लागे. ती आपली आपणच न्हाणीघरातल्या पिंपात उतरे आणि कुसुम वर झाकण ठेवी. झाकणाखालून कधी कुरकुर नाही, पाणी गार आहे म्हणून तक्रार नाही. सकाळी उकळता चहा दिला तर फुंकरसुद्धा न घालता पिऊन टाकी. कुसुमला तिची भीती वाटत नव्हती. भीती वाटली असती तर बरं, पण तिचा हिच्यावर विश्वासच बसत नव्हता, आणि ज्या बाईवर विश्वास नाही तिच्याशेजारी बसून रोज जेवायचं म्हणजे शिक्षाच.

मग बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला वाकताना ताराक्का निसटली आणि खडखडत पायरीपर्यंत गेली. चारचौघांत श्रीपालची मान खाली गेली. "आता पक्कीच बसवू," घरी येताच तो म्हणाला.

पक्की बसवायची तर दोन्हीकडची माणसं घासावी लागतात. कुसुम आणि त्रिशला दवाखान्यात शेजारी शेजारी बसल्या. मशीन फिरलं, पांढरी पूड उडाली, दुखलं मात्र काहीच नाही. घरी आल्या तेव्हा दोघींच्या बांगड्या हातातून गळत होत्या. पूर्वी त्रिशला हसली की शेजारच्या घरात ऐकू जाई. आता तिचं हसू ओठांतच संपू लागलं. ताराक्काचा पाट त्यांच्या दोन पाटांना सिमेंटनं जोडला गेला. तो जमिनीला टेकत नव्हता. खाली बारीकशी फट होती. त्या दिवसापासून ताराक्का पाटावरून उठलीच नाही, आणि कुसुम चुलीपाशी असो की गच्चीवर, तिचा भार कुसुमच्या डाव्या खांद्यावर असे. त्रिशलाचा उजवा खांदा उतरला होता.

"कडक काही चावायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "सुपारीला तर हातच लावू नका. आणि खालच्या फटीतून रोज दोरा फिरवा, अन्न अडकतं."

कुसुम रोज जेवणानंतर दोरा फिरवू लागली. एका बाजूनं घालायचा, दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायचा. वर ताराक्का समोरच्या भिंतीकडे बघत हसरी बसलेली असे. एक दिवस दोरा अर्ध्यात अडकला. कुसुमनं ओढला. खालून कुणीतरी तो परत ओढला.

कुसुम जमिनीवर आडवी झाली आणि फटीला कान लावला.

"मीठ कमी पडलंय," खालून आवाज आला.

आवाज ताराक्काचाच होता. पण ती संशयी झाली होती, आणि एकदा संशयाची सवय लागली की तो एकाच बाजूला थांबत नाही. वरची खोटी, म्हणून खालची खरी कशावरून? दुसऱ्या दिवशी तिनं पिठल्यात मूठभर मीठ जास्त घातलं आणि जेवताना एक घास मुद्दाम फटीत पडू दिला.

"छान झालंय," वरची म्हणाली.

"अगं, हात हाय का खोरं तुझं?" खालची कडाडली. "इतकी वर्सं झाली तरी अजून मीठ घालाय येईना व्हय गं तुला!"

कुसुमनं पदर तोंडात कोंबला. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. अशी बोलणी ऐकून आपलं काळीज एवढं भरून येईल, हे कुणी आधी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

नांद्रेकर डॉक्टरांनी पाटाखाली आरसा धरला. "मुळाचा तुकडा राहिलाय. त्रास देत नसेल तर राहू दे."

"बाहेर काढता येईल?"

"वरचं सगळं तोडावं लागेल. मग कडेच्या दोघी टिकतीलच असं नाही. आधीच घासल्यात."

"घातलेला टाका कशाला उसवायचा?" श्रीपाल म्हणाला. "ही अक्का काय वाईट आहे? भांडत नाही, तंडत नाही."

"म्हणूनच तर," कुसुम म्हणाली. पण तो डॉक्टरांना पोचवायला गेला होता.

वरची तोडून खालच्या ताराक्काला बाहेर काढायचं, असं तिनं ठरवलं होतं ते आपल्या जिवावर. पण त्रिशलाचा खांदाही त्याच पाटाला बांधलेला होता, आणि ती तर परवा परवा या घरात आलेली. भाकरी थापता थापता कुसुमनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातलं तोंडातच ठेवलं.

"आत्या," त्रिशलाच हळू आवाजात सासूला म्हणाली, "मलाबी ऐकू येतंय. मोठ्या आत्या रोज माझ्या नावानं पण बोलत्यात. भाकरी जाड झाली म्हणून."

"मग?"

"जाडच झालती की."

कुसुमनं फडताळातून ताराक्काची सुपारीची डबी काढली. ताराक्काला जेवणानंतर खांडभर सुपारी लागे. नव्या ताराक्कानं त्या डबीकडे कधी पाहिलंही नव्हतं. कुसुमनं अख्खी सुपारी घेतली. त्रिशलानं हात पुढे केला, तिनंही एक घेतली.

पंगत बसली. ऊन भिंतीवरून उतरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. श्रीपालनं आमटीत भाकरी कुस्करायला घेतली. मधल्या पाटावरची ताराक्का समोर बघत होती. तिच्या ताटात अजून काही वाढलं नव्हतं.

"छान झालंय," ती म्हणाली.

आणि पहिल्यांदाच तिनं मान वळवली. आधी त्रिशलाकडे, मग कुसुमकडे. तिचे दोन्ही खांदे हळूहळू घट्ट झाले.

"दिवस बुडाय आला," खालून ताराक्का ओरडली. "बसून काय राहिलीयास कुसुम, वाढ की!"

कुसुमनं तोंडातली सुपारी डाव्या बाजूला ढकलली. त्रिशलानं डोळे मिटून घेतले. दोघींनी एकदमच दात आवळले.

कट्ट असा आवाज झाला. तो कुठून आला ते कळलं नाही. सिमेंटला बारीक भेग गेली होती, फरशी खालून उचलल्यासारखी झाली होती, आणि पंगतीच्या टोकाला श्रीपालचा घास तोंडातच थांबला होता. त्यानं दोन बोटं तोंडात घातली. काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं. उंबऱ्यावरच्या शेवटच्या उन्हात ते पांढरं दिसत होतं.

कोण गेलं ते बघायला त्यानं मान वर केली आणि पलीकडच्या टोकापासून पंगत पाहायला सुरुवात केली. त्रिशला. मधला पाट. कुसुम त्याच्याकडे तोंड करून हसली, त्याला दिसावं म्हणून चांगले दात दाखवून हसली. त्याची नजर तिच्या पाटापर्यंत आली आणि रिकाम्या पाटावर थांबावी तशी थांबली.