तेवीस चुका

परीक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं गेलं, की तुम्ही इथे का आलात. निवृत्त पोस्टमन म्हणाले, जन्मभर चाललो, आता इतरांना चालताना बसून बघावं म्हणतो. सगळे हसले. पाळी बाईंवर आली. एकतीस वर्षं शाळेचा बँड बसवला, आता जरा पलीकडून बघायचंय, असं काहीबाही सांगून त्यांनी वेळ मारून नेली. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याने आपल्यावर अन्याय केला होता की नाही, याचा त्यांना नियम समोर ठेवून एकदाचा निवाडा करायचा होता.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. सुट्टीच्या दिवशी ते बँडच्या स्पर्धांना चालीचे परीक्षक म्हणून जात. वादन ऐकणारे परीक्षक वेगळे आणि पाऊल, रांग, वळण बघणारे वेगळे. घड्याळजी बघणारे. चाळीस जणांच्या रांगेत एकाची टाच अर्धा क्षण उशिरा पडली, तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. माणूस नाकासमोर चालणारा. बाई गमतीने म्हणायच्या, की यांच्याबरोबर रस्त्याने जायची सोय नाही, हे माझी पावलं मोजतात.

अकरा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेत नेमलेले परीक्षक आदल्या दिवशी जिन्यावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. संयोजक धावत घड्याळजींकडे आले. घड्याळजी नको म्हणाले, बायकोचाच बँड आहे, बरं दिसत नाही. तेव्हा नात्यागोत्याचा नियम नव्हता आणि दुसरं कोणी मिळतही नव्हतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "बसा हो तुम्ही. तुमच्याइतकं सरळ दुसरं कोण बघतं?"

हे वाक्य त्यांना नंतर कितीदा तरी आठवलं.

वादनात तीन बँड बरोबरीत आले आणि निकाल चालीवर गेला. बाईंच्या बँडचा पहिला नंबर दोन दशांश गुणांनी हुकला. परतीच्या बसमध्ये मुली हुंदके देत होत्या, ढोलवाला ढोलाला मिठी मारून बसला होता. सहा वर्षं बाई पहिल्या नंबराच्या त्या एका ढालीच्या मागे होत्या. संध्याकाळी घड्याळजी घरी आले, बूटही न काढता म्हणाले, "अगं, जरा ऐकतेस का?" बाईंनी वर न बघता सांगितलं, की जेवण झाकून ठेवलंय, आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर नऊ वर्षं तो विषय घरात निघाला नाही. भांडण असं झालंच नाही. दूध, विजेचं बिल, पाहुणे, डॉक्टर, सगळ्यावर बोलणं व्हायचं, हसणंसुद्धा व्हायचं. फक्त त्या एका जागेला दोघंही वळसा घालून जात. त्याच आठवड्यात घड्याळजींनी परीक्षकाचं काम कायमचं सोडलं. बाईंनी ओळखलं, मन खातंय. खाऊ दे, असं त्या मनात म्हणाल्या.

बँडप्रमुखाची जड काठी वर्षानुवर्षं उचलून बाईंचा उजवा खांदा आखडला होता. रोज दिवेलागणीला घड्याळजी मलमाची डबी घेऊन यायचे, तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे आणि खांद्यामागे पाठीवर धरलेली गाठ हळूहळू चोळून द्यायचे. स्पर्धेनंतरही हा नेम एक दिवस चुकला नाही. स्वतःला ताप असला तरी नाही. बाई त्यांच्याकडे पाठ करून बसायच्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय असायचं, ते बाईंनी कधीच पाहिलं नाही.

वर्ग भरायचा मैदानाच्या कडेला, क्रीडासाहित्याच्या खोलीत. भिंतीला टेकून अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी उभ्या, जमिनीवर चुन्याचा सडा. शिकवणारे गुरुजी म्हणजे दुसऱ्या एका शाळेचे जुने बँडप्रमुख. ते व्हरांड्यातसुद्धा असे वळायचे, की माघारी सगळे त्यांना काटकोन म्हणत. पोस्टमन म्हणाले, हे झोपेत कूसही कवायतीच्या हुकमावर बदलत असतील.

काटकोन शिकवायचे ते मात्र फार नीट. परीक्षकाने रांगेबरोबर चालायचं, ध्वनिमुद्रणयंत्र तोंडाशी धरायचं. चूक दिसली की त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं: कोणती रांग, कितवा माणूस, काय चुकलं. आणि लगेच हातातल्या तक्त्यावर एक खूण करायची. एका खुणेला एक दशांश गुण वजा. शंभरातून वजाबाकी झाली की उरतील ते गुण. स्पर्धा संपल्यावर ती कॅसेट आणि तक्ता पाकिटात घालून त्या बँडच्या प्रमुखाला द्यायचा, म्हणजे आपलं कुठे चुकलं ते त्याला ऐकता येतं.

"पाय चुकला, एवढंच सांगा," ते म्हणायचे. "बुटात खडा होता की घरी आजारपण होतं, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी त्याला तक्त्यात रकाना नाही."

असं बोलणं कसं असावं, तर घड्याळजींसारखं, असंही त्यांनी दोनदा सांगितलं आणि सांगताना बाईंकडे बघायचं टाळलं. नियमांच्या पुस्तकात चौदावा नियम होता: ज्या स्पर्धेतल्या एखाद्या बँडमध्ये परीक्षकाच्या घरचं माणूस असेल, त्या स्पर्धेला त्याने बसू नये. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणजे माझ्या बाबतीत जे झालं ते इतरांनाही दिसलं होतं तर, असं त्यांना वाटलं आणि कडवट का होईना, समाधान झालं.

तिसऱ्या आठवड्यात गृहपाठ मिळाला. तुम्हाला सर्वांत जास्त लागलेल्या पराभवाची कॅसेट काढा, ऐकत ऐकत चुका मोजा, कोरा तक्ता स्वतः भरा आणि मग तो परीक्षकाच्या तक्त्याशी ताडून बघा. पोस्टमन म्हणाले, माझे पराभव आणायला हातगाडी लागेल. बाईंकडे एकच होता. स्वरलिप्यांच्या पेटीत, सगळ्यात तळाशी, अकरा वर्षं न फोडलेलं पाकीट. त्या दिवशी मिळालं तसंच त्यांनी ते तिथे टाकलं होतं.

दुपारी स्वयंपाकघर आवरून त्यांनी जेवणाच्या टेबलावर कॅसेट लावली. आधी खरखर, दूरवर ढोल. मग अगदी कानाशी आवाज आला, "बँड क्रमांक सात. सुरुवात करतोय." बाईंनी झटकन बटण दाबून तो बंद केला. दोन वर्षांत हा आवाज घरात झाला नव्हता. पाणी प्यायल्या, पुन्हा येऊन बसल्या आणि पेन्सिल हातात घेतली.

घड्याळजी नेहमीसारखेच बोलत होते. "चूक. तिसरी रांग, डावीकडून दुसरी, पाऊल आखूड." "चूक. कर्णेवाल्यांमधलं अंतर वाढलं." बाई खूण करत गेल्या. एकाही ठिकाणी त्यांना हरकत घेता येईना. डोळे मिटले की ते मैदान दिसत होतं, आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीचं पाऊल खरोखरच आखूड पडायचं. अठरा खुणा झाल्या, आणि शेवटचं वळण आलं.

त्या वळणाला बँडप्रमुख काठी उंच धरतो आणि सगळा बँड त्या इशाऱ्यावर फिरतो. त्या दिवशी काठी बाईंच्या हातात होती. घड्याळजींचा आवाज खाली गेला. "चूक. बँडप्रमुखांचा इशारा उशिरा." थोडं थांबून, "चूक. त्यामुळे दुसरी रांग अडखळली." मग आणखी दोन, प्रत्येक वेळी आवाज अधिक हळू. आणि शेवटची, "चूक. काठी खांद्याच्या वर गेली नाही." नंतर नुसती पावलं वाजत राहिली. आणि मग, तक्त्यासाठी नव्हे, असं काहीतरी, स्वतःशीच: "फार दुखतंय तिला."

बाईंनी मोजलं. तेवीस. मग पाकिटातला तक्ता उघडला. घड्याळजींच्या बारीक, सरळ खुणा होत्या अठरा. खाली अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. बाईंनी कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली. तेवीसच. दिसलेली चूक न बोलणं त्या माणसाला जमलं नव्हतं. तोंडाने पाचही सांगितल्या होत्या. फक्त हाताने पाच खुणा केल्या नव्हत्या.

पाच दशांश. म्हणजे अर्धा गुण. खरे गुण सत्त्याण्णव पूर्णांक सात. तिसऱ्या आलेल्या बँडचे सत्त्याण्णव पूर्णांक नऊ होते. फळ्यावरचे ते आकडे बाईंना तोंडपाठ होते. म्हणजे ज्या दुसऱ्या नंबरासाठी त्यांनी नऊ वर्षं नवऱ्याला आतून माफ केलं नाही, तो नंबरसुद्धा त्यांचा नव्हता. तो तिसऱ्या आलेल्या, काटकोनांच्या बँडचा होता.

अन्याय झाला होता, पण त्यांच्या बाजूने.

पुढच्या वर्गाच्या आदल्या दिवशी त्या कोरा तक्ता समोर घेऊन बराच वेळ बसल्या. अठरा लिहिलं तर घड्याळजींचं नाव स्वच्छ राहत होतं. मेलेल्या माणसाला आता काय द्यायचं उरलंय, निदान एवढं तरी, असं मन म्हणत होतं. मग तो हळू होत जाणारा आवाज आठवला. त्यांनी तेवीस खुणा केल्या.

सगळे गेल्यावर त्यांनी कागद काटकोनांसमोर ठेवला. काटकोनांनी कॅसेट लावलीही नाही. चष्मा काढून पुसत बसले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "दुकानही उघडलं नव्हतं. म्हणाला, तुझा नंबर मी खाल्ला, निकाल बदलून घे, मी सगळ्यांसमोर सांगतो. मीच नको म्हटलं. माझी पोरं तिसऱ्या नंबरावर नाचत होती, आइस्क्रीम खाऊन मोकळी झाली होती. मग त्याने कानाला खडा लावला. तो चौदावा नियम आहे ना, तो त्यानेच लिहून दिलाय, बाई."

बाईंनी पुस्तकातल्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

काटकोन दाराकडे बघत म्हणाले, "सांगायला आला होता म्हणे, स्पर्धेच्या संध्याकाळीच. जेवण झाकून ठेवलेलं होतं." मग म्हणाले, "नंतर म्हणायचा, आता सांगितलं तर तिचा दुसरा नंबरही जाईल. त्यापेक्षा ती माझ्यावर रागावलेली बरी."

त्यांनी तक्त्याखाली लिहिलं, 'मोजणी बरोबर', आणि सही केली. बाई पुढच्या परीक्षेला पात्र झाल्या होत्या. दुसऱ्या नंबराच्या ढालीचं काय करू, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, शाळेच्या कपाटात आहे ना, राहू दे, धूळ तेवढी पुसायला सांगा.

त्या दिवशी मैदानावर तासभर जाड पुठ्ठ्यावरचा तक्ता धरून बाईंचा खांदा भरून आला होता. दिवेलागणीला त्यांनी मलमाची डबी शोधून काढली. मलम कडेने वाळलं होतं, मध्यावर मात्र अजून घड्याळजींच्या बोटाचा खोलगट ठसा होता. तो मोडू नये म्हणून बाईंनी कडेचं वाळकं मलम नखाने खरवडून घेतलं आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासले. डावा हात मागे नेऊन पाहिला. मानेखालून नेला, मग कुशीतून नेला. गाठ होती तिथवर बोटं पोचेनात.

तरी त्या रोजच्या जागी, घड्याळजींच्या खुर्चीकडे पाठ करून, तशाच बसून राहिल्या. तळहात हळूहळू थंड झाले.